पंधरा भोकांचा घड्याळ

आमी मालवणचीच. बाजार सोपता आणि खाडयेची वाळू लागता थंय आमचा घर, आणि घराच्या पुढच्या खोलयेत बाबाचा घड्याळांचा दुकान. बाबा मुंबयक एका कारागिराकडे रवान शिकलो आणि मगे हंय येवन बसलो. तुमी वही घेवन इलास आणि म्हणतास, ह्या भागातली पयली घड्याळवाली बाई तुमी, केवडी हिम्मत तुमची. काय सांगू तुमका, हिम्मत खंयची, माझा अर्धा आयुष्य भियान गेला. मी लग्नाची झालंय आणि बाबाक काचबिंदू झालो, वरसभरात डोळे गेले, घरात दुसरा कमावणारा कोण नाय. म्हणान मी पडद्याआड बसाक लागलंय. बाबा भायर बसायचो, गिऱ्हायकाचा घड्याळ कानाक लावन ऐकायचो, परवा येवा म्हणायचो, आणि हळूच पडद्याखालसून माझ्याकडे सरकवायचो. भिंग दाखवाक तेच्या डोळ्याक, काम माझ्या हातात. कोणी पडदो बाजूक केल्यान तर? एका चेडवान आमचा घड्याळ उघडला म्हणान कोण परत पायरी चढूचा नाय. पडदो वाऱ्यान हल्लो तरी मी घड्याळ पदराखाली लपवी, आणि आमचा मांजरय नेमका थंयसूनच धा फेरे मारी.

हंयच्या खाऱ्या वाऱ्यान घड्याळातली केसाइतकी बारीक कमान गंजता. मी एकदा वेंगुर्ल्यासून काजीच्या टरफलांचा तेल मागवलंय, होडयेक लावतत ताच, आणि सुयेच्या टोकान घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या फटीत फिरवलंय. बोटांची सालां गेली. आवस, माझी आई, म्हणाली, असल्या हातांच्या चेडवाक आता करतलो कोण गो. पण त्या घड्याळात पावसाळोभर पाणी शिराक नाय. बाबान गिऱ्हायकाक सांगल्यान, ही माझी युक्ती. मी आत तोंडाक पदर लावन हसलंय, आणि मगे रडलंय पण, खोटा कित्याक सांगू.

पडद्यामागची गजाल भायर एकटी येसूक म्हायत. येसू माझी मैत्रीण, शेजारच्याच वाडीतली. ती आणि आणखी सात बायो सुकतीक, पाणी उतारला काय, खाडयेतल्या वाळूच्या बेटार जायत, वाळूत हात घालून शिवल्यो, खावचे शिंपले, काढीत. बेट आणि काठ यांच्यामधी पाण्याची एक वाट आसा. सुकतीक गुडघाभर, भरती लागली काय पुरुषभर. येसूची आवस त्याच वाटेत बुडान गेल्ली. मान खाली घालून काढीतच रवली, पाणी मागसून इला, तिका कळाक नाय. येसू एक दिस माका म्हणाली, गो, तू सगळ्यांची घड्याळां चालू करतंस, मगे आमका एक पाण्याचा घड्याळ करून दी.

भरतीची येळ तिथीक पाऊण तास पुढे सरता, ह्या हंयच्या शेंबड्या पोराकय म्हायत आसा. मी भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाभोवती फणसाच्या लाकडाची चकती बसवलंय आणि तिका पंधरा भोकां पाडलंय, तिथीक एक. भोकात एक खुंटी. रोज सकाळी खुंटी एक भोक पुढे घालूची. काटो खुंटीक टेकलो काय हातोडी सुटायची आणि घंटा वाजायची, म्हणजे पाणी फिरला, बायांनू, चला घराक. तीन पावसाळे माझे ह्येच्यात गेले. पयली घंटा नेमकी पाणी फिरताना वाजली त्या दिसा येसून दुकानात नारळ ठेवल्यान, हात जोडून गाऱ्हाणा घातल्यान, बा देवा म्हाराजा, ह्या घड्याळाक खोटा बोलाची बुद्धी देव नको. आणि सगळ्यो बायो म्हणाल्यो, होय म्हाराजा.

खुंटी घालूचा काम बाबान मागून घेतल्यान. मी सकाळी पंचांग वाचायचंय, बाबा, आज दशमी, बाबा, आज एकादशी. तो बोटांनी भोक चाचपायचो आणि खुंटी घालायचो, टक करून. डोळे गेल्यापासून तेच्या तोंडार मी तेवा पयल्यांदा तेज बघलंय. आणि माका तेवापासून नवीन भय लागला. येसू एकदा हसत म्हणाली, आता मान वर करूक नको, पाण्याकडे बघूक नको, तुझी घंटा आसा मगो. मी म्हटलंय, बघ गो बाय पाण्याकडे. ती म्हणाली, भित्री मेली.

गोव्यातसून फिरंगी गेले त्याच्या आदल्या सालची थंडी. पंचांगात कधी कधी एकच तिथी दोन दिस येता, ह्या तुमका म्हायत आसा. तशा दुसऱ्या दिसा खुंटी हलवूची नाय, ह्या मीच बाबाक सांगलेला. पण त्या सकाळी एका लग्नघरचा घड्याळ द्यायचा होता, माझा लक्ष थंय. मी पंचांग बघलंय आणि घायेत म्हटलंय, बाबा, आज तृतीया. हलव नको म्हणाक इसारलंय. बाबान खुंटी घातल्यान, टक. मी ऐकलंय पण. आणि कामाक लागलंय.

बायो कवाच बेटार गेलल्यो. भायर धुक्या असा काय अंगणातली माडाची झाडां दिसत नव्हती. आवस चायची किटली घेवन इली आणि सहज म्हणाली, गो, आज कसली तृतीया, तृतीया काल नाय होती?

मी पंचांग परत उघडलंय, तृतीयाच दोन दिस. घड्याळ एक भोक पुढे. पाणी फिरान गेला आसतला आणि घंटा आजून पाऊण तास वाजाची नाय.

मी उठलंय ती पडद्यासकट. पडदो दांडयेसकट खाली, दोन गिऱ्हायकां आ वासून बघतत, आणि मी घंटा उपटून काठार धावलंय. दिसत काय नाय, खाली नुसता पाणी वाजता. मी घंटा बडवूक लागलंय. बडवतंय आणि हाका मारतंय. एक बाई इली, कमरेभर भिजलेली. मगे दोन. मगे तीन एकमेकींचे हात धरून. मगे एक म्हातारी, रडत. सात झाल्यो. येसू नाय. म्हातारी म्हणाली, येसून आमका पुढे घातल्यान, आणि मागे कोण रवला काय बघूक परत फिरली. बेटार कोण नाय होता हो, आणि ती त्या धुक्यात सगळ्यांका हाका मारीत फिरत होती.

मी बडवीत रवलंय. थांबलंय तर तिका काठ कळाचो नाय. हात भरान इले, हाताक रगत इला. देवा म्हाराजा, माझे हात ने, माझे डोळे ने, तिका सोड. किती येळ गेलो माका म्हायत नाय. मी घड्याळवाली, पण माका म्हायत नाय.

येसू इली ती गळ्याभर पाण्यातसून. केस सुटलेले, टोपली गेलेली. वाळूत बसली. मगे म्हणाली, पाणी पायाक कवाच लागला होता गो. माका वाटला, घंटा खंय वाजली, मगे पाणी कसा येतला. माका पाणी खोटा वाटला आणि तुझी घंटा खरी.

घराक इलंय. बाबा घड्याळासमोर उभो. तेना विचारल्यान, कोण गेला काय? मी म्हटलंय, नाय, सगळ्यो इल्यो, हातोडी अडाकली होती म्हणान धावलंय. आणि खुंटी काढून मागच्या भोकात घातलंय. टक वाजला. घड्याळातली कमान खंय अडाकता ता नुसता ऐकान सांगणारो माणूस तो, तेका काय कळाचा रवला? दुसऱ्या दिसा मी म्हटलंय, बाबा, आज चतुर्थी. तो म्हणालो, आज तूच घाल गो, माझा बोट दुखता. मरापर्यंत तेचा बोट दुखतच रवला.

पडदो परत बांधूक नाय. माका वाटला, आता कोण येवचा नाय. तिसऱ्या दिसा एक मास्तर इले, घड्याळ बाबाकडे दिल्यानी नाय, सरळ माझ्या हातात ठेवल्यानी. ज्या भियान मी सात वरसां आत बसलंय, ता भय असा पायरीवरच सोपला. येसून मात्र सांगल्यान, घड्याळ ठेव, घंटा काढ, पाण्याक आमी बघतलंव.

आता बाबा नाय, आवस नाय. येसू आसा, म्हातारी झाली, येता आणि माका भित्री म्हणता. बायो आजून काठार जातत, जाताना घड्याळ बघतत आणि मगे पाण्याकडे बघतत. तुमी ह्या सगळा लिवन घेतलास, देव तुमचा बरा करो. खुंटी मीच घालतंय. पण पंचांग अजून मोठ्यान वाचतंय, आणि तिथी दोन दिस इली काय दुसऱ्या दिसा सांगतंय, बाबा, आज हात लाव नको हां. सांगान झाला तरी थोडो येळ थंयच उबी रवतंय, टक वाजता काय ऐकीत.