पाचट न जाळणारी सुलाक्का

मंडळी, बसा. जमलात, बरं केलंत. मला बोलाय सुचंना झालंय, पण गप्प बसवत बी न्हाई. सुलाक्का जाऊन आज तेरा दिवस झाले. तिचं रान माझ्या बांधाला लागून. तवा मीच बोललेलं बरं.

बाहेर तिच्या फोटोचा फ्लेक्स लावलाय तुमी. खाली 'मातीची माय' लिवलंय. लिवताना लाज कशी वाटली न्हाई? जितेपणी काय म्हणत होता तिला? गबाळी. ऊस तुटला की सारं गाव पाचट पेटवायचं, रान चकचकीत करायचं. ही एकटी तो वाळला पाला सरीत आंथरायची. उतारावर हुलगा पेरून माती झाकायची. तुमी पारावर बसून हसायचा. "आक्का, रान झाडाय बाई ठेव की." लय शहाणे तुमी.

आणि मी? तुमच्यातलाच. एका वर्षी मी लावलेली आग वाऱ्यानं तिच्या रानात गेली. तिचं सगळं पाचट जळालं. ती बांधावर आली. मी म्हणालो, "आक्का, चुकलं."

ती म्हणाली, "आवं दादा, जळलं ते जळलं. तुमच्या उरलेल्या वावरातलं तरी जाळू नका. मला द्या."

दिलं. कटकट गेली म्हणून दिलं. तिनं एकटीनं भारे वाहून उतार झाकला.

त्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. माझी माती ओढ्याला गेली. तुमची बी गेली. खालचा मुरूम उघडा पडला. तिच्या रानात पाला उचलून बघितला, तर माती जाग्यावर. मग तुमी काय शिकला? काय न्हाई. "आक्काचं नशीब" म्हणालात, आणि ऊस तुटल्यावर पुन्हा काडी लावलीत. मी तेवढं जाळायचं सोडलं. पण तिला तसं सांगायला माझी जीभ कवा वळली न्हाई.

आणि आज सकाळी तिचा पुतण्या मला इचारतो, "तात्या, आक्काचं पाचट कवा पेटवू? तुमच्याकडं आग येणार न्हाई असं बघतो." हितंच बसलाय तो. खाली बघू नगंस रं. उद्यापासनं त्या बांधावर मी बसणार हाय. काडी घेऊन ये, मग बघू.

आता उठा. दोन मिनिटं तिच्यासाठी गप्प उभं ऱ्हावा. इतकी वर्षं हसायला जमलं, एवढं बी जमंल.