पाठमोरी सीट

व्याह्यांना म्हणू दे, मी त्यांचा चारचौघांत अपमान केला. पण सीट फिरवायला त्यांना सांगितलं कोणी?

माझी नात आठ महिन्यांची. लेकीनं गाडीत तिची सीट मागं तोंड करून बसवलेली. एवढ्या लेकराची तशीच ठेवत्यात, मान कवळी असती. आम्ही सिन्नरहून घोटीला तिच्या जावळाला निघालो. लेक बायकांसंगं मागच्या जीपमधी. व्याही म्हणले, "देवाच्या कामाला लेकरू पाठमोरं नेऊ नये, दादा." आन् सीट उपटून सरळ केली, नातीला बसवली.

मी स्टेअरिंगवरनं इचारलं, "सीटचा पट्टा लावला का?"

"लावला हो. तुम्ही काढा गाडी."

मी बी उतरून पाह्यलं नाय. चूक माझी पण हाय.

घोटीच्या अलीकडं म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला तशी सीट नातीसकट पालथी झाली. पोरीला सीटला बांधली होती, पण सीट गाडीला बांधलीच नव्हती. घडीभर ती रडली नाय. मग अशी रडली का माझ्या जिवात जीव आला. लागलं काय नव्हतं.

मागच्या जीपमधली सगळी धावत आली. त्यांच्यादेखत तिला उचलताना मी म्हणलो, "व्याही, आता तोंड खाली हाय. हे चालतं का देवाला?"

तवापासून ते बोलत नाय. नका बोलू.

सोपान, दात काय काढतो? तुझ्या गाडीतली लेकराची सीट कधी हलवून बघितली? चहा ठेव खाली. जा, दोन्ही हातानं धरून हलव. हलली तर पट्टा आवळ, मगच लेकराला बसव.