एकास दहाचा भोंगा

…आणि वर मलाच घाबरट म्हणतात! अहो, तुम्हाला सांगतो, घाबरट माणूस वेगळा आणि सावध माणूस वेगळा. घाबरट माणूस काहीतरी झाल्यावर पळतो, सावध माणूस व्हायच्या आधी पळतो. मी घाबरट नाही. मी सावध आहे. आणि बोईसरला एमआयडीसीला पाठ लावून खोली घेतलेल्या माणसानं सावध राहायचं नाही तर काय टाळ कुटत बसायचं?

आता बघा, आमच्या चाळीमागे नाला, नाल्यापलीकडे कंपनी. तिथे काय बनतं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही, नुसता वास येतो. सकाळी सडक्या लसणाचा, दुपारी नेलपॉलिशचा, आणि ज्या दिवशी वास येत नाही त्या दिवशी तर मला घास गिळवत नाही… का येत नाही? काय साठवतायत आत? राजनंदिनी, म्हणजे आमची ही, ती म्हणते, अहो, सुट्टी आहे आज त्यांना. असेल. पण मी उठून गॅलरीत जातो आणि दोरीवरचा टॉवेल बघतो. कुठल्या बाजूला फडफडतोय ते बघायला. गॅस आला तर वाऱ्याच्या आडवं पळायचं असतं, नाकाला ओलं फडकं लावून. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. मी एक टॉवेल खास वाऱ्यासाठी ठेवलाय, त्यानं कुणी अंग पुसायचं नाही. हिनं एकदा पुसलं होतं, मी दिवसभर बोललो नाही तिच्याशी.

गेल्या दिवाळीत एका कंपनीत भडका उडाला. आमच्या खिडकीची काच फुटून फराळाच्या ताटात. सायरन म्हणे वाजला होता… अहो, ऐकला कुणी? इकडे पंखा, मिक्सर, शेजारचा टीव्ही! मला कळलं कसं, तर शेजारचा चंद्रभान, गोरखपूरकडचा, कापडाच्या लूमवर कामाला, तो लुंगी धरून पळताना दिसला म्हणून. म्हणजे माझा जीव कशाच्या आधारावर? चंद्रभानच्या लुंगीच्या! तो त्या दिवशी ड्युटीवर असता तर? या एका विचारानं माझी झोप उडाली.

मग चाळीची मीटिंग झाली. घरमालक झुंबरकाका, इथलेच मूळचे, ते म्हणाले की कंपनीचा सायरन नाय ऐकू येत तर आपल्या चाळीचा आपला भोंगा पायजे. त्यांच्या मांडवाच्या धंद्यातला जुना भोंगा आणि माईक पडून होता, फक्त ॲम्प्लिफायर जळालेला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नामदेव, तू लायटीच्या प्रकल्पात हायस ना? मंग तूच बनव."

मी प्रकल्पात आहे, हे खरं आहे. कॅन्टीनच्या स्टोअरला आहे. कांदे-बटाटे वजन करून घेतो. पण हे दर वेळी कुठे सांगत बसायचं? चाळीत कुणाचा फ्यूज उडाला की मला बोलावतात, मी लांबून बघतो, लोड जास्त झालाय असं म्हणतो आणि वायरमनला फोन लावतो. मला विजेची भीती वाटत नाही, मी सावध आहे. पण म्हटलं, विचार कर नामदेवा. भोंगा तुझ्या खोलीत असला तर सगळ्यात आधी ऐकणार कोण? तू. सगळ्यात आधी बाहेर पडणार कोण? म्हटलं, बनवतो!

गेलो पालघरला. तिथे स्टेशनाजवळ पंढरी म्हणून आहेत, हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात. त्यांनी बोर्ड दिला, सगळं सुटं सामान दिलं, जोडणीचा नकाशा काढून दिला. फार शांत माणूस. इतका शांत, की मलाच घाम फुटला. म्हणाले, हे दोन काळे डबे दिसतात ना, हे कपॅसिटर, प्लग काढला तरी यांच्यात करंट साठून राहतो, लगेच हात घालू नका. म्हणजे बंद असलं तरी मारतो? तर म्हणाले, मारतो. आता सांगा, चालू असताना मारतो ते मी समजू शकतो, तो त्याचा धर्म आहे, पण बंद असताना मारणारी वस्तू पिशवीत घालून मी घरी आलो हो… रिक्षात मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली, आणि पाय वर घेतले.

घरी कसं काम केलं म्हणता? लाकडी पाटावर बसून, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, एक हात खिशात. राजनंदिनीच्या हातात धोपाटणं दिलं. म्हटलं, मी चिकटलो तर मला हात लावू नकोस, लाकडानं मार. तर काय म्हणावं तिनं? "चिकटायची वाट बघायलाच हवी का?" हे असं बोलणं! इकडे माझा जीव टांगणीला, सोल्डरिंगचा एकेक डाग देताना मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलतोय, आणि ही धोपाटणं बगलेत धरून उभ्या उभ्या भेंडी चिरतेय.

झालं एकदाचं तयार. प्लग लावला… म्हणजे हिनं लावला, मी दाराशी होतो. तर भोंग्यातून नुसती गुरगुर. पुन्हा पंढरी. ते म्हणाले, माईकची वायर लाईटच्या वायरीशेजारून गेलीय, मध्ये एक सिग्नल ट्रान्सफॉर्मर टाकू. चिमुकली डबी हो, आत दोन गुंडाळ्या, एकीची तार दुसरीला लागतसुद्धा नाही तरी आवाज अल्लद पलीकडे जातो. मी खूश! सगळं जग असं असायला हवं, कुणी कुणाला हात लावायचा नाही.

पण त्यांनी दोन डब्या पुढे ठेवल्या. एक एकास एक, म्हणजे जेवढं घालाल तेवढंच पलीकडे, नुसती गुरगुर तोडायला. दुसरी एकास दहा, ती वाढवून देते. म्हणाले, तुमच्या बोर्डाला माईकचा आवाज पुरतोय, तुम्ही एकास एक घ्या, दहानं भोंगा शिट्टी मारेल. आता मला सांगा, जिवाचा प्रश्न असताना एकास एक घेतो का कुणी? उद्या मी पंख्याखाली गाढ झोपलो आणि आवाज कमी पडला तर पंढरी येणार आहेत का उठवायला? मी म्हटलं, दहा द्या. त्यांनी गुंडाळून दिली.

रविवारी दुपारी चाचणी. भोंगा गॅलरीत, राजनंदिनी त्याच्यासमोर माईक धरून, आणि मी दाराबाहेर, सुरक्षित अंतरावर. हातात मोजे, नाकाला ओलं फडकं, कारण काही जळलं तर धूर नको जायला. ती "हॅलो" म्हणाली. आणि तुम्हाला सांगतो… भोंग्याचा आवाज माईकमध्ये, माईकचा भोंग्यात, कुंईंईंईं करून जो चढला, चढला, की माझ्या डोक्यात एकच, गॅस! आता आवाज कुठवर जातो ते बघायला नको? म्हणून मी निघालो. जरा वेगात. वळताना टॉवेल बघितला एवढंच.

पण आमची चाळ! कुणी सायरनला पळालं नाही, मला बघून पळालं. चंद्रभान जिन्यातून ओरडला, "भागो, नामदेव भाई भाग रहे हैं!" झालं. प्रकल्पातला माणूस, हातात रबरी मोजे, नाकाला फडकं, आणि पळतोय… मग काय राहतंय? पिठाच्या हातानं बाया निघाल्या, झुंबरकाका बगलेत कोंबडी घेऊन निघाले, आणि सगळी वरात माझ्यामागे उमरोळीच्या रस्त्याला. बरंच लांब गेल्यावर मी वळून बघितलं. सगळे होते हो. राजनंदिनी नव्हती.

तेवढ्यात शिट्टी थांबली. आणि भोंग्यातून, एकास दहानं, अगदी स्वच्छ, गुरगुर नाही काही नाही, तिचा आवाज आला.

"अहो… कुठे गेलात?"

सगळ्या रस्त्यानं ऐकलं. कुणी हसलंसुद्धा नाही. खरं सांगतो, करंटला नाही, गॅसला नाही, पण त्या एका वाक्याला मी जन्मात घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो. एकटी आहे ती त्या मशीनपाशी, बंद असलं तरी मारणाऱ्या, तिला काही झालं तर? उलटा पळत सुटलो. पोचलो तर ही प्लग काढून, माईक गुंडाळून, भेंडी फोडणीला टाकत होती. म्हटलं, अगं, मी फक्त पुढे जाऊन बघत होतो. तिनं ताट वाढलं.

संध्याकाळी मीटिंग. मला वाटलं, खोली खाली करा म्हणतील. तर झुंबरकाका खूश! म्हणाले, असा आवाज आमी कदी ऐकला नाय, ती एकास दहाची डबी काढायची नाय. फक्त एक अडचण. माईक भोंग्यासमोर धरला तरच शिट्टी येते, ठेवला की बंद. म्हणजे चाळीतला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत कुणीतरी तिथे उभं राहून माईक धरायला हवा. कोण धरणार? सगळे खाली बघायला लागले. मीही बघत होतो. आणि मागून बायकांतून शांतपणे आवाज आला.

"हे धरतील."

टाळ्या वाजल्या हो. चंद्रभाननं मिठी मारली.

घरी आल्यावर मी विचारलं, अगं, आणि तू? तर म्हणाली, मी पळेन, वाऱ्याच्या आडवी, तुम्हीच तर शिकवलंय, आणि थोडं पुढे जाऊन बघेन आवाज कुठवर येतो ते.

बोला आता! तरी मी घाबरट नाही. मी सावध आहे. फक्त परवापासून तो वाऱ्याचा टॉवेल मी अंग पुसायला घेतलाय… मला आता वारा कुठून येतो ते कळून करायचंय काय?