सव्वादोनचा हात

नाही हो ललिताबाई, अडीचच्या कशाला काढताय? सव्वादोनच भरा. माझा हात पहिल्यापासून सव्वादोनचा – आमच्या थोरल्या सिद्धार्थच्या लग्नात तुम्हीच भरल्या होत्यात की, सरकन गेल्या होत्या – लावा अजून साबण. दुखू दे. परवा अवनीचं लग्न आणि नवरीच्या आईच्या हातात हिरव्या बांगड्या नाहीत, म्हणजे गिरगावातल्या सगळ्या माम्या-मावश्यांना वर्षभराचा विषय. बाहेर बाकीच्यांचं झालं ना भरून? म्हणून तर तुम्हाला आत बोलावलं. चारचौघींत उगाच ओढाताण नको.

सूज? छे. सूज असती तर बोट दाबल्यावर खड्डा पडला असता – हे बघा, पडतोय? नाही. मे महिन्याचा उकाडा, त्यात लग्नघरचं लोणचं-पापड, फुगतात हात. थायरॉइडनेही होतं असं – पण ते सोमवारीच बघून घेतलं मी, माझ्याच लॅबमध्ये. नॉर्मल. थायरॉइड असतं तर बरं झालं असतं, सकाळी एक गोळी घेतली की संपलं – म्हणजे, तसं नाही, मला काहीच झालेलं नाही. तुम्ही भरा.

मी काय काम करते माहितीय ना तुम्हाला? परळला, एवढी वर्षं? गळ्यातलं थायरॉइड आणि मेंदूखालची पिट्यूटरी. वाटाण्याएवढी ग्रंथी, पण घरातली सासू तीच – सगळ्यांना कामाला लावते. तिच्यात गाठ झाली की चांगल्या मोठ्या माणसाचे हातपाय पुन्हा वाढायला लागतात. इतके हळू, की घरच्यांनाही कळत नाही, रोज बघतात ना. म्हणून मी पेशंटचे रिपोर्ट नंतर बघते, आधी विचारते – अंगठी घट्ट झाली? चपलेचा नंबर बदलला? लग्नातला फोटो घेऊन या. रे रोडचा एक सिल्वेस्टर होता, लाकडाच्या वखारीतला. लग्नातली अंगठी सोनाराकडून दोनदा मोठी करून आणलेली. का म्हणून विचारलं तर म्हणे, डॉक्टर, हवाच खराब आहे. काय चिडले होते मी – अहो, हवेने बोटं जाड होतात का? इतकी वर्षं झोपला होतात? माझं सगळं संशोधन त्यावरच तर आहे, की हे लोक उशिरा का येतात. परदेशात जाऊन वाचलं, टाळ्या घेतल्या. शिक्षण नाही, जवळ दवाखाना नाही, घरचे लक्ष देत नाहीत – सगळी कारणं लिहिली. घाबरतात, हे एवढं साधं नाही लिहिलं. आणि सगळं माहीत असलं ना ललिताबाई, की माणूस जास्तच घाबरतो. फार घाबरतो.

माझी अंगठी? कपाटात आहे. तिचं काय मध्येच?

आई गं – थांबा, हाड आहे तिथे. आणि चपलांकडे काय बघताय? मनमोहनच्या आहेत, नवऱ्याच्या. माझ्या जरा... नाही, त्यालाही नाही सांगितलेलं. लग्न होऊ दे, अवनी सासरी जाऊ दे, मग काढते की एमआरआय. आत्ता कळलं तर ती पोरगी बोहल्यावर चढायची नाही, मी ओळखते तिला. आणि घाई कसली? गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसा दाबायला लागली, तर घाई. तेव्हा समोरचं नीट दिसतं हो, पण दोन्ही कडांचं जातं – पेशंटला पत्ताच नसतो, दाराच्या चौकटींना खांदे आपटत फिरत असतो. माझे डोळे ठणठणीत आहेत. हा? हा खांद्यावरचा काळानिळा डाग ना – मंडपवाल्यांनी सामान कुठेही ठेवलंय, लागलं.

कसला आवाज झाला? तुमच्या पेटीतल्या बांगड्या किणकिणल्या वाटतं. नाही? मग माझ्या बाजूला काय बघताय असं? कोणी नाहीये तिथे, मला दिसतंय ना –

अवनी.

कधीची उभी आहेस? इतकी जवळ.

ललिताबाई, अडीचच्या काढून ठेवा. आणि जरा बाहेर बसा.