टँकर अडवला त्या दिवशी

सुमेध : टीचर, मला दुसरं कुठलंही घर द्या. हे नको.

सेलिन : दारात आल्यावर? अरे, गावकऱ्यांच्या आठवणी ऐकायच्या ह्या शिबिरातल्या पोरांत सगळ्यात नीट ऐकतोस तू. म्हणून तर हरेश्वरकाकांकडे तुला आणलं. आठ वर्षांत त्या भांडणाबद्दल कोणाशी बोललेले नाहीत ते.

सुमेध : त्यांचा डोळा गेला ना, तो दगड माझा होता.

सेलिन : काय?

सुमेध : सोळा वर्षांचा होतो. गोखिवऱ्याला आमच्या बिल्डिंगीत चार दिवस पाणी नव्हतं. ह्या गावाने विहिरीवरचा टँकर अडवला, म्हणून आम्ही सगळे इथे आलो. दगड सगळ्यांनीच मारले, पण माझा कुठे लागला ते मी बघितलं. आणि पळालो.

सेलिन : हे आज सांगतोस?

सुमेध : शिबिराला आलोच त्यासाठी. पाया पडतो, सगळं सांगून मोकळा होतो.

सेलिन : तू मोकळा होशील. आणि त्यांनी काय करायचं? त्यांना हे ऐकायचंय का, कोणी विचारलंय? चल परत.

हरेश्वर : कोन, सेलिन? उन्हात काय उभी? ये की. आनि ह्यो पोरगा?

सेलिन : हा सुमेध. काका, आज राहू दे, आम्ही नंतर येतो.

हरेश्वर : नंतर कशाला? सकाळपासून शब्द जुळवतोय मी. बस रे बाबा. उजवीकडं बस, डावीकडचं दिसत नाय मला. हां, विचार.

सुमेध : विचारायचं नसतं, काका. तुम्हाला वाटेल तेवढंच सांगा.

हरेश्वर : लोक डोळ्याचंच विचारतात. डोळा काय, एक हाय अजून. मला सलतंय ते येगळंच. टँकरचा पाइप मी तोडला. सगळं पानी मातीत. तवा बिल्डिंगीतली एक बाई आली हंडा घेऊन, कडेवर तापानं फनफनलेली पोर. म्हनाली, भाऊ, येवढा एक भरून द्या. मी हंडा लाथाडला. मग दगड आला. बरा आला. पन त्या पोरीचं काय झालं? आठ वर्षं झाली, कोनाला विचारू?

सेलिन : सुमेध, तू बाहेर थांब.

सुमेध : नाही टीचर. काका, जगली ती.

हरेश्वर : तुला काय ठावं?

सुमेध : माझी बहीण ती. हंडा माझ्या आईचा होता.

हरेश्वर : म्हंजे तू तवा तिथं व्हतास?

सुमेध : आईच्या मागेच. दगड मीच मारला.

(हरेश्वर तोंड फिरवतात.)

हरेश्वर : जा तू. आज तुझ्याकडं बघवत नाय मला.

सेलिन : ऊठ, सुमेध.

सुमेध : येतो, काका.

हरेश्वर : थांब. पोरीचं नाव काय?

सुमेध : उन्नती. आता चौथीत आहे.