भरपाईवरचा टॅक्स

कोर्टाचे पैसे मिळाले, आता सुटलीस, असं म्हणता ना? ऐका मग. पेणजवळ ट्रकनं ह्यांना उडवलं, त्याची भरपाई आली. पण व्याजातून टॅक्स कापून. पोरीच्या शाळेसाठी धरलेला पैसा तो. अलिबागच्या टॅक्सवाल्या साहेबांना गाठलं.

ते म्हणाले, "ताई, माणूस गेल्याच्या पैशावर टॅक्स नाही. केस लांबली, त्याचं व्याज मिळालं ना, ते तुमचं उत्पन्न."

"लांबवली विमावाल्यांनी, साहेब. मी नुसती पोर कडेवर घेऊन तारखांना बसायचे."

"कायद्यानं उत्पन्नच ते. रिटर्न भरावं लागेल. कामधंदा काय लिहू?"

म्हटलं, "कोर्टाच्या बाकावर बसायचा. त्याचंच उत्पन्न हाय ना?"