एका पिशवीचे दोन मालक

पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. ओळखीचे लोक शिवणवाली मावशी म्हणतात. वय एकसष्ट वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार मुलीच्या घरी, ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, कोणाच्याही धाकाखाली नसताना सांगते की, सदर ड्रायव्हिंग स्कूल माझ्या जावयांचे असून तिथे ते एकटेच शिकवतात. माझ्या मुलीचे दिवस भरत आले आहेत. जावई दिवसभर शिकाऊ लोकांबरोबर रस्त्यावर असतात. ऐनवेळी मुलीला दवाखान्यात कोण नेणार, म्हणून मी गाडी शिकायला घेतली. लग्नाला सात वर्षे झाली तरी जावयांचे आणि माझे बोलणे मुलीमार्फतच चालते. गाडी शिकवतानाही ते हाताच्या खुणांनीच भागवतात. भांडण काही नाही. ते अबोल, मी तोंडाळ, त्यामुळे सूत जमले नाही इतकेच.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी गाडी चालवत होते व जावई शेजारी बसले होते. मला गाडीत गुदमरते म्हणून मागच्या काचा खाली होत्या. पेट्रोल पंपापुढे नाकाबंदी असल्याने गाड्यांची रांग लागली होती. आमच्या डाव्या हाताला एक राखाडी गाडी अगदी चिकटून उभी होती. अचानक मागे धप्प असा आवाज झाला. गाडी चालवताना कुठलाही आवाज झाला की तो मीच केला असे मी धरून चालते. घाबरून क्लचवरचा पाय सुटला. गाडीने उडी मारली आणि त्या राखाडी गाडीपुढे आडवी होऊन बंद पडली. जावई उतरून मागचा बंपर बघून आले. राखाडी गाडीवाले हॉर्न वाजवत होते, पण त्यांना पुढे जायला जागा नव्हती.

हवालदार मला झापायला आले, तेव्हा त्यांना मागच्या सीटवर कापडी पिशवी दिसली. उग्र वास येत होता. त्यांनी विचारले, "मावशी, पिशवी कुणाची?"

जावयांनी सिगारेट सोडण्याचे मुलीला वचन दिले आहे. मला वाटले, ही चोरून आणलेली तंबाखू. मुलीला कळले तर ती या अवस्थेत आकाशपाताळ एक करेल. म्हणून मी "माझी" म्हणाले. त्याच क्षणी जावईही "माझी" म्हणाले.

"नक्की कुणाची?"

"माझी आहे, साहेब," जावई म्हणाले. "त्यांना जाऊ द्या, त्यांना यातलं काही कळत नाही."

"मला सगळं कळतं! पिशवी माझी आहे. तुम्ही गप्प बसा."

मुलगी मध्ये नसताना आम्ही एकमेकांशी बोललो ते हे पहिल्यांदा. तेवढ्यात राखाडी गाडीतले दोघे, कोणी विचारले नसताना, "आम्ही कसलीच पिशवी बघितली नाही" असे सांगू लागले. हवालदारांनी सगळ्यांनाच ठाण्यात आणले.

ठाण्यात पंचांसमोर पिशवी उघडली असता आत निळ्या टेपने गुंडाळलेल्या गांजाच्या पुड्या निघाल्या. जावयांना दुसऱ्या खोलीत नेले. त्यांच्यावर असला गुन्हा लागला तर ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना जाईल आणि बाळ जन्माला येईल तेव्हा बाप तुरुंगात असेल, एवढेच डोळ्यांपुढे आले. म्हणून गांजा माझाच आहे असे मी पुन्हा ठासून सांगितले. तो कसा घेता, असे ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी विचारले. मी म्हणाले, "जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर." साहेबांना हसू आवरेना. मग त्यांनी मला चहा दिला आणि सकाळपासूनचे सगळे खरे सांगायला लावले.

मी सांगता सांगता त्या धप्प आवाजापर्यंत आले, तसे साहेब सावध झाले. पलीकडच्या खोलीत जावयांनीही तोच आवाज सांगितला होता. सासूबाईंनी कुठे तरी ठोकली असे समजून आपण उतरलो, पण बंपरवर ओरखडाही नव्हता, असे ते म्हणाले होते. राखाडी गाडीच्या डिकीत तशाच निळ्या टेपच्या पुड्या सापडल्या. नाकाबंदी दिसताच त्यांनी आपली पिशवी आमच्या उघड्या काचेतून आत फेकली होती. म्हाताऱ्या शिकाऊ बाईची गाडी कोण तपासणार, पुढच्या वळणावर पिशवी परत घेऊ, असा त्या दोघांचा बेत होता. त्यांना अटक झाली आहे. ज्यांची पिशवी ते नाही म्हणत होते आणि ज्यांची नव्हती ते तिच्यावरून भांडत होते, असा प्रकार नोकरीत पाहिला नाही, असे साहेब म्हणाले.

जावयांना वाटले होते की मी गुडघ्यासाठी कोणा वैद्याकडून चोरून पाला आणला. आत गांजा आहे हे कळल्यावरही ते "माझाच" म्हणत राहिले, हे मला साहेबांकडून समजले. मी माझा उरलेला चहा त्यांच्या खोलीत पाठवला.

तरी सदर पिशवी माझी नाही व जावयांचीही नाही. आधी "माझी" म्हणाले ते खोटे होते. त्याचे मला वाईट वाटत नाही, हेही लिहावे. जावयांना आजच घरी सोडावे, मुलगी वाट बघते आहे.

हे सारे लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवले. जिथे जिथे "जावई" लिहिले आहे तिथे "मुलगा" लिहावे, असे मी सांगितले. सरकारी कागदावर नाते खरे लिहावे लागते, असे बाई म्हणाल्या. मी म्हणाले, खरेच सांगते आहे. ती दुरुस्ती झाली नाही. बाकी सर्व मजकूर बरोबर आहे.